गाणं संपतं कुठं, ते आधी ठरव

दादा, नमस्कार. मी नाशिकचा, वय २७. पुण्यात साउंडचा एक वर्षाचा कोर्स केला, दोन वर्षं एका स्टुडिओत असिस्टंट होतो आणि गेली तीन वर्षं घराच्या वरच्या खोलीत स्वतःचं काम करतो. भीमगीतं, गणपतीची गाणी, हळदीची गाणी, क्वचित एखादं भावगीत अशी मिक्सिंगची, म्हणजे वेगवेगळे रेकॉर्ड झालेले आवाज आणि वाद्यं एकत्र बसवायची, कामं येतात. एका गाण्याचे २,००० रुपये घेतो. पहिल्या गाण्याला तेवढे मिळाले आणि तोच आकडा चिकटला. काम भरपूर आहे, पण महिनाअखेर हातात काही उरत नाही. गाणं दिल्यावर पंधरा-पंधरा दिवस करेक्शन चालतात. आमच्याच भागातला एक मित्र ८०० रुपयांत गाणं करून देतो, म्हणून दर वाढवायची भीती वाटते. आता सिन्नरकडच्या एका भजनी मंडळाचा आठ अभंगांचा अल्बम आलाय. ते सगळ्याचे मिळून १२,००० देतो म्हणतात आणि वर यूट्यूबचे पैसे आले की त्यातला वाटा. मुंबईचे लोक एका गाण्याचे किती घेतात? मी किती घ्यावेत? आणि सख्ख्या मामाच्या गाण्याचे पैसे मागावेत का? लहान भाऊ समजून स्पष्ट सांगा.
– एक वाचक, नाशिक

लहान भाऊ म्हणालास, म्हणून अरे-तुरे करतो.

मुंबईचा आकडा आधी सांगून टाकतो, म्हणजे तो डोक्यातून जाईल. माझ्या ओळखीतले जे इंजिनिअर चित्रपटांची गाणी नेहमी करतात, ते एका गाण्याच्या मिक्सिंगला तीस हजारांपासून पुढं घेतात आणि ज्यांचं नाव झालंय त्यांचा आकडा लाखाकडं जातो. स्टुडिओची शिफ्ट बऱ्याचदा त्यात धरलेली नसते. पण त्या गाण्यामागं कंपनीचा पैसा असतो, शंभरावर ट्रॅकचं सेशन (गाण्याची संगणकावरची कामाची फाइल) असतं आणि प्रदर्शनाच्या तारखेची टांगती तलवार असते. सिन्नरचं मंडळ वर्गणी काढून अल्बम करतंय. मुंबईच्या आकड्यावरून तुझा दर निघणार नाही आणि मित्राच्या ८०० वरूनही निघणार नाही. तो तुझ्या त्या वरच्या खोलीच्या हिशोबातून निघतो. कागद-पेन घे आणि माझ्याबरोबर मांड.

तुझे खर्च तू लिहिलेले नाहीस, म्हणून तुझ्यासारख्या खोलीचा अंदाज धरतो. आकडे नंतर तुझे घाल, रीत हीच ठेव. संगणक, इंटरफेस, स्पीकरची जोडी, दोन हेडफोन, एक बरा माइक, भिंतींवरचे रॉकवूलचे पॅनल असे मिळून तीन लाख गेले असतील. पाच वर्षांत यातलं बरंचसं बदलावं लागतं, म्हणजे महिन्याला ५,००० रुपये हे सामान खातं. प्लगइन, सॉफ्टवेअर आणि बॅकअपच्या हार्ड डिस्क मिळून महिन्याला १,५०० धर. वीज आणि इंटरनेट २,०००, फोन आणि येणं-जाणं १,०००. खोलीचं भाडं ४,००० लाव. खोली घरची आहे म्हणून ती फुकट समजू नकोस. तीच खोली एखाद्या विद्यार्थ्याला दिली असती तर वडिलांच्या हातात दर महिन्याला पैसे आले असते. ते पैसे आज तुझे गिऱ्हाईक वाचवतात, वडील सोसतात. सगळं मिळून १३,५०० झाले. आता तुझा पगार. पाच वर्षं या कामात घातलेल्या सत्तावीस वर्षांच्या माणसाला नाशिकात महिना ३०,००० ही काही उधळपट्टी नव्हे. एकूण ४३,५००.

आता तास. महिन्याचे २५ दिवस, रोज आठ तास, म्हणजे २०० तास तू खोलीत असतोस. पण त्यातले निम्मे गाण्यावर जात नाहीत. फोन, फाइल मागवणं, पैशासाठी आठवण करणं, बिघडलेली केबल शोधणं, नवीन काही शिकणं, आणि पितृपक्षात किंवा ऐन पावसाळ्यात नुसतं बसून राहणं, हे सगळं त्यात येतं. म्हणून पैसे लावता येतील असे १०० तासच धर. ४३,५०० भागिले १०० म्हणजे तासाला ४३५ रुपये. हा तुझा दर. गाण्याचा भाव या आकड्यातून काढायचा असतो.

एका गाण्याला किती तास लागतात ते मोबाइलच्या घड्याळावर एकदा मोज. माझा अंदाज असा: फाइल नीट लावणं, नावं देणं, खटके-श्वास साफ करणं यात दीड तास. प्रत्यक्ष मिक्सिंगचे सहा तास, तेही मधे कानांना विश्रांती देऊन. दोन फेऱ्या करेक्शनचे दीड तास. शेवटची फाइल, मायनस ट्रॅक (गायकाचा आवाज काढलेलं गाणं), ऐकून तपासणं यात एक तास. एकूण दहा. दहा तासांचे ४,३५० होतात, ४,५०० म्हण.

आणि आज काय होतंय? तू २,००० घेतोस आणि पंधरा दिवस करेक्शन करतोस. त्या पंधरा दिवसांचे सहा तास तरी जास्तीचे जात असणार. म्हणजे सोळा तासांचे दोन हजार, तासाला १२५. पगार बाजूला ठेव. नुसत्या खोलीचा खर्चच तासाला १३५ आहे. स्वतःसाठी एक रुपयाही न घेता काम केलंस, तरी प्रत्येक तासाला दहा रुपये पदरचे घालतोयस. काम भरपूर असून महिनाअखेर हात रिकामा का राहतो, ते इथं दिसतं. गाणी वाढली की तोटाही वाढतो.

आता माझं जे खरं म्हणणं आहे ते. तू मला किती घेऊ असं विचारलंस. मी तुला आधी विचारतो, तुझं काम संपतं कधी? तुझ्या पत्रात त्याचं उत्तर नाही, आणि माझ्या मते सगळी दुखरी जागा तीच आहे. उद्या ४,५०० घेतलेस आणि करेक्शन अशीच मोकळी सोडलीस, तर पैसे देणारा माणूस जास्त हक्कानं फोन करेल. 'एवढे मोजलेत, आता बासरी जरा वर घे' हे वाक्य मग रात्री साडेअकरालाही ऐकायला मिळतं.

मी हे भोगलंय. सुरुवातीच्या वर्षांत एका निर्मात्याची सहा गाणी घेतली होती. ठरलं होतं ते एवढंच: 'चांगलं करून दे.' पहिलं गाणं चौदा वेळा उघडलं. दरवेळी ते कुणाला तरी नवीन माणसाला ऐकवत आणि त्या माणसाचं मत मला कळवत. नवव्या-दहाव्या वेळेपर्यंत माझे कान त्या गाण्याला इतके सरावले होते की मला चांगलं-वाईट समजेनासं झालं. शेवटी त्यांनी तिसऱ्या वेळचं मिक्स पसंत केलं. पैसे गेले त्याचं दुःख कमी होतं. गाणं माझ्या हातून खराब होत गेलं आणि मी ते थांबवू शकलो नाही, याचं जास्त होतं. तो माणूस वाईट नव्हता. काम कुठं संपतं ते मी त्यांना सांगितलंच नव्हतं.

म्हणून करेक्शनची नीट फोड कर. तुझी चूक असेल, म्हणजे खटका राहिला, एखादा ट्रॅक बंद राहिला, शब्द कापला गेला, तर ते केव्हाही आणि फुकट दुरुस्त करायचं, सहा महिन्यांनी सापडलं तरी. आवड-निवडीचे बदल, आवाज थोडा पुढं, ढोलकी थोडी मागं, हे दोन फेऱ्यांत बसवायचे. तिसऱ्या फेरीपासून प्रत्येक वेळचे ५०० रुपये. आणि गायकानं पुन्हा डबिंग केलं, नवीन वाद्य आलं, कडवं कमी झालं, तर ते नवीन काम, त्याचे तासाप्रमाणे पैसे. पिच करेक्शनही मिक्सिंगमध्ये धरू नकोस. बेसूर आवाज सुरात आणायला कधी कधी मिक्सिंगपेक्षा जास्त वेळ लागतो, आणि तो वेळ आज तू कुठंच मांडत नाहीस.

फेरी म्हणजे काय, तेही सांगावं लागतं. भजनी मंडळात दहा-बारा जण असणार. पखवाजवाल्याला पखवाज कमी वाटेल, टाळकऱ्यांना टाळ, बुवांना स्वतःचा आवाज, आणि ज्यांनी वर्गणी जास्त दिली त्यांना कोरसमध्ये आपला आवाज शोधून सापडणार नाही. हे साहजिक आहे. सगळ्यांचा जीव त्यात आहे. तू एवढंच ठरव की मंडळाच्या वतीनं एकच माणूस बोलेल. सगळ्यांनी मिळून ऐकायचं, सगळे बदल मिनिट-सेकंदासह एका मेसेजमध्ये लिहायचे आणि तो मेसेज त्या एकाच माणसाकडून यायचा. ती एक फेरी.

करेक्शनमधल्या दोन तक्रारी तर आधीच ओळखून ठेव, कारण त्या येणारच. पहिली, 'त्यांच्या गाण्याचा आवाज मोठा आहे, आपला कमी का?' यूट्यूब फार मोठ्या आवाजाचं गाणं साधारण उणे १४ एलयूएफएसच्या (आवाज किती मोठा आहे ते मोजायच्या मापाच्या) आसपास खाली आणतं. तू मिक्स दाबून-दाबून मोठं केलंस तर यूट्यूबवर ते मोठं वाजत नाही, फक्त चेपलेलं वाजतं. पण मंडळाच्या साउंडवर किंवा मिरवणुकीत पेनड्राइव्हवरून फाइल थेट लागते, तिथं असं कुणी खाली आणत नाही. तेव्हा गाणं कुठं वाजणार आहे ते आधीच विचार. दोन्हीकडं वाजणार असेल तर दोन मास्टर (शेवटच्या तयार फाइल) कर आणि दुसऱ्याचे थोडे पैसे लाव.

दुसरी तक्रार, 'पखवाज ऐकूच येत नाही.' हे ते मोबाइलच्या स्पीकरवर ऐकून म्हणतात. पखवाजाच्या धाम्याला, म्हणजे खर्जाच्या बाजूला, कणीक लावल्यावर जो खोल घुमारा येतो, तो तेवढ्याशा स्पीकरमधून बाहेर पडतच नाही. तुझ्या स्पीकरवर तो भरपूर असतो, म्हणून तुला वाटतं की यांना कळत नाही. त्यांचं चुकलेलं नसतं. धाम्यावर हलकं सॅच्युरेशन देऊन वरचे स्वरांश थोडे उभे कर, म्हणजे मोबाइलवरही त्याची जागा कळते. आणि फाइल पाठवण्याआधी स्वतः एकदा मोबाइलवर ऐक. यानं करेक्शनची निम्मी फेरी वाचते.

आता ८०० रुपयांचा मित्र. तो काय करतो हे तू लिहिलं नाहीस, पण या भावात जे काम होतं ते मला माहीत आहे. यूट्यूबवरून किंवा अरेंजरकडून आलेला एकच तयार मायनस ट्रॅक, त्यावर गायकाचा एक आवाज, थोडा रिव्हर्ब (घुमारा), झालं. दोन तासांचं काम. तुझ्याच दरानं त्याचे ८७० होतात, म्हणजे मित्र काही चुकीचं घेत नाही. चूक तुझ्याकडं आहे: तू हे दोन तासांचं कामही २,००० ला सांगतोस आणि तीस ट्रॅकचं गाणंही २,००० ला घेतोस. म्हणून छोटं काम मित्राकडं जातं आणि अवघड तेवढं तुझ्याकडं येतं. दोन दर ठेव. ट्रॅकवर आवाज बसवायचे ९००, आणि वेगवेगळ्या ट्रॅकचं पूर्ण मिक्सिंग ४,५०० पासून पुढं. भाव विचारणाऱ्याला पहिला प्रश्न हाच कर, की तुमच्याकडं एकच ट्रॅक आहे की सगळी वाद्यं वेगळी आहेत? बरेच जण इथंच समजतील की तू आणि मित्र एकच काम करत नाही.

हेही लक्षात ठेव की आपल्याकडं मिक्सिंगचे वेगळे पैसे ही फार जुनी गोष्ट नाही. तारदेवच्या फिल्म सेंटरसारख्या स्टुडिओंत एकेकाळी गायक आणि सगळा ताफा एकाच वेळी वाजवायचा, आणि कोणता माइक कुठं ठेवायचा यातच अर्धं मिक्सिंग होऊन जायचं. वाद्यं वेगवेगळ्या ट्रॅकवर, वेगवेगळ्या दिवशी यायला लागली तेव्हा ती एकत्र बसवणारा माणूस वेगळा झाला. म्हणून मंडळातल्या ज्येष्ठांना 'रेकॉर्डिंगचे दिले, आता हे कसले?' असं वाटलं तर रागावू नकोस. त्यांना एकदा खोलीत बोलव, पेटी, टाळ, आवाज एकेक करून ऐकव आणि मग एकत्र ऐकव. दहा मिनिटं लागतील.

आणि दर ठरवण्याची लाज वाटत असेल तर नारायणगावला पाहा. यात्रांचा हंगाम आला की तमाशा फडांच्या राहुट्या तिथं लागतात, गावोगावचे लोक येतात, तारीख, रक्कम, सुपारी सगळं बोलून ठरतं. ज्या तिथीला अनेक गावांच्या यात्रा एकदम येतात त्या तिथीचा भाव चढा असतो आणि गावकरी तो समजून घेतात. आपलंही काम हंगामी आहे. १४ एप्रिलच्या आधीचे पंधरा दिवस आणि गणपतीच्या आधीचा महिना तुला झोप मिळत नसेल. त्या दिवसांत 'परवा पाहिजे' म्हणणाऱ्याला दीडपट भाव सांग. त्यात लुबाडणं काही नाही. त्याचं गाणं आधी घेण्यासाठी तू रांगेतल्या दुसऱ्याला थांबवतोस आणि रात्र जागतोस.

आता अभंगांचा अल्बम. यावर जरा थांबतो, कारण हे काम मला मनापासून आवडतं.

अभंग मिक्सिंगला सोपा असा समज आहे, वाद्यं पाच-सहाच म्हणून. पण पेटी गायकाच्याच पट्टीत, त्याच सुरांवर सोबत करते, त्यामुळं आवाज आणि पेटी एकाच जागेसाठी भांडतात. पेटी कमी केली की गाण्याचा आधार जातो, वाढवली की तुकोबांचे शब्द बुडतात. एकदाच फेडर (आवाज कमी-जास्त करायची कळ) लावून हे जमत नाही. ओळ सुरू झाली की पेटी किंचित खाली, ओळ संपली की वर, असं सगळ्या अभंगभर हातानं करावं लागतं. टाळ तर गायकाच्या स-श च्या वरच घासतात. ते झणझणीत राहिले की दोन अभंगांनंतर ऐकणाऱ्याचे कान दुखतात, आणि फार मऊ केले की वारीच निघून जाते. शिवाय गजराकडं लय वाढत जाते. क्लिकवर, म्हणजे ठरावीक लयीच्या टिकटिकीवर, वाजवलेलं नसतं, म्हणून डिले-बिले (प्रतिध्वनी) ठरावीक मापानं लावता येत नाही. सहा तास म्हणालो ते यासाठी.

म्हणून भाव सांगण्याआधी फाइल मागव. रेकॉर्डिंग कसं झालंय यावर सगळं आहे. पेटी, पखवाज, आवाज वेगवेगळे घेतले असतील तर पहिल्या अभंगाला दहा तास लागतील. मंडळी तीच, वाद्यं तीच, खोली तीच, त्यामुळं पहिल्याच्या सेटिंगवर पुढचे सात प्रत्येकी सात तासांत होतील. दहा अधिक एकोणपन्नास, एकूण ५९ तास, म्हणजे सुमारे २६,०००. आठ गुणिले ४,५०० केले असते तर ३६,००० झाले असते. म्हणजे अल्बमला दहा हजारांची सूट तू खरोखर देऊ शकतोस, आणि ती का देतोस तेही सांगू शकतोस. पण सगळ्यांनी देवळाच्या सभामंडपात एकत्र बसून म्हटलं असेल आणि टाळ गायकाच्या माइकमध्ये घुसले असतील, तर पहिल्याला चौदा आणि पुढच्यांना नऊ-नऊ तास धर. ७७ तासांचे साडेतेहतीस हजार होतात. फाइल न ऐकता आकडा बोललास तर हे साडेसात हजार तुझ्या खिशातून जातील.

मास्टरिंग वेगळं लिही. आठही अभंग एका पातळीवर आणायला अभंगामागं तासभर धर, ३,५०० रुपये. स्वच्छ रेकॉर्डिंग असेल तर सगळे मिळून २९,५००.

त्यांच्याकडं १२,००० आहेत. इथं तू बहुतेक मधला काहीतरी आकडा धरून वीस-एक हजारांवर तोडशील. तसं करू नकोस. भाव तोच ठेव आणि काम कमी कर. बारा हजारांत पहिले तीन अभंग मास्टरिंगसकट पूर्ण होतात: चोवीस तास आणि वर तीन, सत्तावीस तासांचे ११,७४५. मंडळाला सांग, हे तीन आषाढी एकादशीच्या आधी काढा. लोकांनी ऐकले, पुढची वर्गणी जमली, की उरलेले पाच कार्तिकीच्या आधी १७,५०० मध्ये करून देतो. मंडळाला दोन एकादश्यांना दोन वेळा काही नवीन देता येईल, आणि तुला आठही अभंग घाईत उरकावे लागणार नाहीत. पहिल्या तिघांचं सेशन तेवढं जपून ठेव, दोन ठिकाणी बॅकअप घेऊन.

यूट्यूबच्या वाट्याचं म्हणशील तर तो पैशाच्या बदल्यात घेऊ नकोस. कॉपीराइट कायद्यात २०१२ साली झालेल्या दुरुस्तीनं गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीतला वाटा पक्का केला. मिक्सिंग करणाऱ्याला तिथं काही नाही. अमेरिकेत २०१८ च्या कायद्यानं मिक्सर आणि इंजिनिअरनाही काही डिजिटल रॉयल्टीतला वाटा थेट मिळण्याची सोय केली, तीही मुख्यतः कलाकारानं तसं लिहून दिलं तर. आपल्याकडं जे काही मिळेल ते फक्त तुमच्या आपसातल्या कागदावरून. आणि मुळात पैसे येतील का ते बघ. जाहिरातींचे पैसे मिळायला (शॉर्ट्स सोडून) नेहमीच्या व्हिडिओंच्या चॅनलचे किमान १,००० सबस्क्रायबर आणि बारा महिन्यांत ४,००० तासांचं पाहणं लागतं. संतांचे शब्द सगळ्यांचे असले तरी चाल एखाद्या गाजलेल्या रेकॉर्डवरची असेल तर हक्क असलेली कंपनी त्यावर दावा लावू शकते आणि मग पैसे तिकडं जातात. मंडळ तुला फसवतंय असं मी म्हणत नाही. त्यांनाही हे माहीत नसेल. वाट्याऐवजी नाव माग. व्हिडिओखाली 'मिक्सिंग आणि मास्टरिंग' असं लिहून तुझं नाव आणि गाव आलं पाहिजे, हे आधी ठरव. पुढची कामं त्यातून येतात.

पैसे घेण्याची रीत: निम्मे आधी, यूपीआयवर आले की सेशन उघडायचं. ऐकण्यासाठी एमपीथ्री पाठवायची, मधे एक बारीक बीप टाकून. उरलेले निम्मे आले की २४ बिटची वेव्ह फाइल द्यायची. मायनस ट्रॅक हवाय का ते त्याच वेळी विचार; मंडळ उद्या कुठल्यातरी सप्ताहात त्यावर म्हणेल. सेशन उघडं असताना तो पाच मिनिटांत निघतो, वर्षभरानं मागितला तर जुनी डिस्क, जुने प्लगइन, अर्धा दिवस.

जीएसटीची काळजी आत्ता करू नकोस. सेवेचं काम वर्षाला २० लाखांवर गेलं की नोंदणी लागते, आणि नोंदणी नसताना बिलात जीएसटी लावायचा नसतो. एखाद्या कंपनीनं तुझ्या बिलातून १० टक्के टीडीएस कापला तर ते पैसे बुडाले समजून गप्प बसू नकोस, रिटर्न भर; तुझ्या उत्पन्नाला ते परत मिळण्यासारखे असतात. पण बिल मात्र प्रत्येक कामाचं कर, मामाच्या कामाचंही.

मामाचं सांगतो. सख्खा मामा आहे, त्याच्याकडून पैसे घे असं मी म्हणणार नाही. पण वर्षातून एक गाणं भेट म्हणून कर आणि तसं सांगून कर: 'मामा, हे माझ्याकडून.' बिलावर ४,५०० लिही, खाली 'भाच्याकडून भेट' लिही आणि बाकी शून्य. यानं मामाला तुझ्या कामाची किंमत कळेल. करेक्शनच्या फेऱ्या मामालाही दोनच, कारण वेळ तोच जातो. आणि मामाच्या मित्राला मामाचा भाव नाही, हे मामालाच आधी सांगून ठेव, प्रेमानं.

मंडळाला पाठवायचा मेसेज मीच लिहून देतो. तुझ्या शब्दांत बदलून घे, पण काही गाळू नकोस:

'रामकृष्णहरी. आपले अभंग ऐकायला उत्सुक आहे. कृपया एका अभंगाच्या सगळ्या वेगवेगळ्या फाइल आधी पाठवा, त्या ऐकून नक्की रक्कम सांगतो. रेकॉर्डिंग वेगवेगळं झालेलं असेल तर आठ अभंगांचं मिक्सिंग २६,००० आणि मास्टरिंग ३,५०० रुपये. सध्याच्या १२,००० मध्ये तीन अभंग पूर्ण करून आषाढीच्या आधी देता येतील, उरलेले पाच पुढं १७,५०० मध्ये. प्रत्येक अभंगात दोन वेळा बदल करून देईन; बदल मंडळाच्या वतीनं एकाच व्यक्तीनं एकत्र लिहून कळवावेत. त्यानंतरच्या प्रत्येक वेळचे ५०० रुपये. माझी चूक असेल तर कधीही विनामूल्य. निम्मी रक्कम सुरुवातीला, निम्मी शेवटच्या फाइलच्या आधी. व्हिडिओखाली मिक्सिंगसाठी माझं नाव असावं ही विनंती.'

ते नाही म्हणाले तर दुःख होईल, मला माहीत आहे, विशेषतः अभंगाचं काम गेल्याचं. तरी आकडा खाली आणू नकोस. तिनाचे दोन अभंग झाले, किंवा एकच झाला, तरी चालेल. आणि हो म्हणाले तर पहिला अभंग झाल्यावर, मंडळाला पाठवण्याआधी, मला पाठव. टाळ आणि पेटी ऐकून काय वाटतं ते कळवतो.